वळणावर पकड सुटू नये म्हणून माउंटन बाइकचा टायर कसा निवडावा

पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर उन्हाळ्यात सायकल चालवली असेल, तर हा प्रसंग तुमच्या ओळखीचा असेल. खाली टणक कातळ, त्यावर सुट्या मुरमाचा थर, उतारावर वळण येतं आणि पुढचं चाक हळूच बाहेर सरकतं. मागचं चाक सरकलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं गेलं की सावरायला वेळच मिळत नाही, माणूस थेट खांद्यावर आपटतो. त्यामुळे हातात मोजकेच पैसे असतील तर ते सगळे पुढच्या टायरवर घाला. मागचा जुना टायर आणखी एक हंगाम चालेल.

सगळ्यात आधी, तुम्ही जास्त वेळ कुठल्या जमिनीवर असता ते ठरवा. सुट्या मुरमावर मध्यम उंचीचे, रुंद बुडाचे नॉब, म्हणजे टायरवरचे रबराचे उंचवटे, चालतात. फार उंच नॉब कातळावर वाकतात. कोकणातल्या जांभ्यावर पावसात शेवाळ धरतं, तिथे नॉबच्या उंचीपेक्षा रबराचा मऊपणा कामी येतो. ओल्या काळ्या मातीला मात्र कुठलाच टायर पुरत नाही. ती फ्रेम आणि चाकाच्या मध्ये बसून चाकच अडवते. शिवाय ओल्या पायवाटेवर पडलेल्या चाकोऱ्या वाळल्यावर तशाच राहतात. अशा दिवशी सायकल घरी ठेवा, हे मी मनापासून सांगतो.

मग दुकानात टायर हातात घ्या आणि मधली नक्षी विसरून कडा बघा. सायकल सरळ असते तेव्हा मधले नॉब जमिनीवर असतात. वेग आणि ब्रेक ही त्यांची कामं. सायकल झुकली की सगळा भार कडेच्या नॉबवर येतो. त्यातला एक नॉब अंगठ्याने बाहेरच्या दिशेला ढकलून पाहा. तो सहज मुडपत असेल तर वळणातही मुडपणार, आणि नेमकी तेव्हाच पकड सुटणार.

यानंतर मधल्या आणि कडेच्या नॉबमधली जागा बघा. मॅक्सिस कंपनीच्या मिनियन डीएचएफ या टायरमध्ये इथे सरळ मोकळी पट्टी आहे. सायकल अर्धवट झुकवली तर चाक त्या पट्टीवर क्षणभर तरंगल्यासारखं वाटतं. पूर्ण झुकवली की कडेचे नॉब जमिनीत रुततात आणि पकड फार छान मिळते. ज्याला न बिचकता सायकल झुकवता येते त्याच्यासाठी हा टायर उत्तम. त्याच कंपनीचा असेगाई हा दक्षिण आफ्रिकेचा डाउनहिल शर्यतपटू ग्रेग मिनार याच्या सहभागातून तयार झाला. त्यात ही पट्टी जादा नॉबांनी भरलेली आहे, त्यामुळे सायकल कितीही झुकली तरी पकड सलग राहते. चढावर तो जड वाटतो हे खरं. तरीही नवशिक्याच्या पुढच्या चाकासाठी मी असाच टायर सुचवेन, कारण घाबरलेला माणूस सायकल अर्धवटच झुकवतो. मागे मिनियन डीएचआर टू सारखा ब्रेक नीट धरणारा टायर पुरे.

एकाच नावाचा टायर वेगवेगळ्या रबरात मिळतो आणि किंमतही बदलते, म्हणून लेबल नीट वाचा. मॅक्सिसमध्ये मॅक्सग्रिप सर्वात मऊ, मॅक्सटेरा त्याहून थोडं कडक. मऊ रबर लवकर झिजतं, पण दगडावर चिकटून राहतं. पुढच्या चाकाला मऊ रबर घ्या. मागचं चाक जास्त घासतं, तिथे थोडं कडक चालेल.

रुंदीच्या बाबतीत आधी रिम मोजा. रिमची आतली रुंदी ३० मिलिमीटरच्या आसपास असेल तर २.४ इंची टायर नीट बसतो. जुन्या सायकलींच्या रिम बऱ्याचदा २० मिलिमीटरच्या आसपास असतात. त्यांवर हाच टायर फुग्यासारखा गोल होतो आणि कमी हवेत वळणावर डोलतो. तिथे २.२ च्या आसपासच थांबा. टायरच्या बाजूवर ६१-६२२ असे आकडे दिसतील. पहिला टायरची रुंदी सांगतो, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २९ इंची चाकाला ६२२ आणि साडेसत्तावीस इंचीला ५८४. फोर्क आणि फ्रेमपाशी दोन्ही बाजूंना निदान अर्धा सेंटिमीटर जागा उरते का, तेही तपासा.

टायर चढवताना बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला ठेवा.

आता हवा, आणि इथेच चांगला टायर वाया जातो. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. ट्यूबलेस २.४ टायर आणि ७० ते ७५ किलो वजनाचा माणूस असेल, तर पुढे २३ आणि मागे २६ पीएसआयपासून (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. आत ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय जास्त ठेवा, नाहीतर दगडावर रिमखाली ट्यूब चिमटून पंक्चर होते. अंगठ्याने दाबून अंदाज बांधू नका. दोन पीएसआयचा फरक अंगठ्याला कळत नाही, वळणावर मात्र कळतो. हवेचा दाब मोजणारा एक छोटा डिजिटल गेज घ्या.

शेवटी ओळखीचं, धोका नसलेलं एक वळण निवडा आणि ते चार-पाच वेळा घ्या. बाहेरचं पेडल खाली, भार त्याच पायावर, अंगापेक्षा सायकल जास्त झुकलेली. दर वेळी एकेक पीएसआय कमी करा. टायर बाजूला लचकतोय असं वाटलं किंवा रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला, की दोन पीएसआय वाढवा आणि तो आकडा लिहून ठेवा.