ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा आणि शैक्षणिक सहभागाची नोंद : विद्यार्थ्याने काय सांभाळावे

महाराष्ट्रातील महाविद्यालयात शिकलेल्या विद्यार्थ्याला हजेरीचा एक ठरावीक हिशेब पाठ असतो. पंचाहत्तर टक्क्यांची अट असते, सत्राच्या शेवटी सूचनाफलकावर डिफॉल्टरांची यादी लागते, यादीत नाव आले की वैद्यकीय प्रमाणपत्र जोडायचे, विभागप्रमुखांना भेटायचे, प्रसंगी पालकांना बोलवायचे, आणि बहुतेक वेळा टर्म ग्रँट होऊन जाते. ब्रिटनला स्टुडंट व्हिसावर जाताना हा हिशेब सामानात बांधून नेऊ नये. तेथे हजेरीचा संबंध परीक्षेला बसू देण्यापुरता नसून देशात राहण्याच्या परवानगीशी आहे, आणि हिशेब सत्र संपल्यावर नव्हे तर सत्र चालू असतानाच होतो. शेवटी जोडलेला कागद सहसा उपयोगी पडत नाही. वेळेवर पाठवलेला दोन ओळींचा ई-मेल मात्र पडतो.

हे असे का, ते आधी समजून घ्यावे. ५ ऑक्टोबर २०२० पासून ब्रिटनमध्ये जुन्या 'टिअर ४' व्यवस्थेच्या जागी 'स्टुडंट रूट' लागू आहे. व्हिसा सरकारच देते, पण तो एका विशिष्ट संस्थेच्या जबाबदारीवर देते. विद्यापीठाकडे गृह खात्याचा स्पॉन्सर परवाना, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याची जबाबदारी घेण्याची परवानगी, असतो, त्या परवान्याच्या आधारे ते विद्यार्थ्याला 'कॅस' क्रमांक, म्हणजे व्हिसाच्या अर्जासाठी लागणारी प्रवेशाची पुष्टी, देते, आणि त्याबरोबरच हा विद्यार्थी खरोखर शिकतो आहे की नाही याकडे लक्ष ठेवण्याचे दायित्वही पत्करते. नावनोंदणीला न आलेला, अभ्यासक्रम सोडून गेलेला किंवा अभ्यासात दिसेनासा झालेला विद्यार्थी, यांची माहिती विद्यापीठाला १० कामकाजी दिवसांच्या आत यूके व्हिसाज अँड इमिग्रेशन या विभागाला कळवावी लागते. शिवाय परवाना टिकवण्यासाठी दरवर्षी कसोटी असते. व्हिसा नाकारले जाण्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या आत, नावनोंदणी किमान ९० टक्के आणि अभ्यासक्रम पूर्ण करणारे किमान ८५ टक्के, असे तिचे निकष बरीच वर्षे होते. मे २०२५ मधील सरकारी श्वेतपत्रिकेने ते प्रत्येकी ५ टक्के अंकांनी कडक करण्याचे जाहीर केले. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा परवाना रद्द झाला तेव्हा दोन हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थ्यांचे शिक्षण टांगणीला लागले होते, आणि ही गोष्ट ब्रिटनमधील कोणतेही विद्यापीठ विसरलेले नाही. म्हणून तेथील कर्मचारी दोन तासिका चुकल्यावर ई-मेल पाठवतो तेव्हा त्यात वैयक्तिक आकस शोधू नये. तो स्वतःच्या संस्थेचा परवाना सांभाळत असतो.

सहभाग म्हणजे काय

पदवी आणि त्यावरील अभ्यासक्रमांसाठी नियमांतील शब्द 'हजेरी' हा नसून 'शैक्षणिक सहभाग' हा आहे. पदवीपेक्षा खालच्या स्तरावर, उदाहरणार्थ फाउंडेशन अभ्यासक्रमांत, प्रत्यक्ष वर्गातील उपस्थिती अधिक काटेकोरपणे मोजली जाते. वरच्या स्तरावर मात्र व्याख्यान, सेमिनार, ट्युटोरियल, प्रयोगशाळा, क्षेत्रकार्य, असाइनमेंट सादर करणे, परीक्षा देणे, मार्गदर्शकाशी किंवा पर्सनल ट्यूटरशी (विद्यार्थ्याची विचारपूस करण्यासाठी नेमलेल्या प्राध्यापकाशी) ठरलेली भेट, संशोधकांच्या बाबतीत प्रगती आढावा आणि तोंडी परीक्षा, या सर्वांची नोंद सहभाग म्हणून होऊ शकते. टिअर ४ च्या काळात सलग १० अपेक्षित भेटी चुकल्या की विद्यापीठाला कळवावे लागे. आता प्रत्येक विद्यापीठाने आपले स्वतःचे लेखी धोरण ठेवावे आणि ते पाळावे अशी अपेक्षा असते. याचा व्यावहारिक अर्थ असा की लीड्समध्ये शिकणाऱ्या मावसभावाचा नियम कोव्हेंट्रीत शिकणाऱ्या तुम्हाला लागू होईलच असे नाही. आपल्या विद्यापीठाचे धोरण संकेतस्थळावर शोधून काढून, पहिल्याच आठवड्यात एकदा शांतपणे वाचून काढावे. ते सहसा फार मोठे नसते.

वाचताना तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात : आपल्या अभ्यासक्रमासाठी कोणती उपस्थिती मोजली जाते, किती चुकल्यावर पहिली सूचना येते, आणि रजेचा अर्ज कोणाकडे करायचा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण अनेक विद्यार्थी प्राध्यापकांना तोंडी सांगून मोकळे होतात आणि प्राध्यापकही सहृदयपणे 'हरकत नाही' म्हणतात. मात्र ते 'हरकत नाही' नोंदीत कोठेही उमटत नाही. विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन व्हिसाची चौकशी करणे, शुल्क भरणे, ग्रंथालयातून पुस्तक आणणे, ही कामेसुद्धा शैक्षणिक सहभागाची जागा घेतीलच असे गृहीत धरू नये.

नोंद करण्याची पद्धत ठिकठिकाणी वेगळी असते. कोठे ओळखपत्र यंत्रावर टेकवायचे असते, कोठे पडद्यावरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करायचा असतो, कोठे अजूनही कागदावर सही चालते. येथे आपल्याकडची प्रॉक्सी लावण्याची सवय आड येते. वर्गातील कोडचा फोटो मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे हे मैत्रीखात्यात जमा होत असले, तरी विद्यापीठाच्या लेखी ते गैरवर्तन आहे, आणि त्यात कोड पाठवणारा आणि वापरणारा असे दोघेही सापडतात. उलट, तुम्ही वर्गात होता पण यंत्राने नोंद घेतली नाही, असेही घडते. अशा वेळी त्याच दिवशी, तासिकेचे नाव आणि वेळ लिहून कळवावे. तीन महिन्यांनी 'मी आलो होतो' हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते.

पत्रव्यवहार सर्व विद्यापीठाच्या ई-मेल खात्यावर होतो. हे खाते दररोज उघडावे. पत्ता किंवा फोन क्रमांक बदलला, नवीन पासपोर्ट आला, तर विद्यापीठाच्या पोर्टलवर आणि स्वतःच्या ई-व्हिसा खात्यात तो बदल करावा.

साठ दिवसांचा गैरसमज

विद्यार्थ्यांच्या गप्पांत '६० दिवस' हा आकडा फार फिरतो आणि बहुधा चुकीचाच फिरतो. विद्यार्थी ६० दिवस कोणत्याही शैक्षणिक सहभागाविना राहिला, तर विद्यापीठाला त्याची स्पॉन्सरशिप, म्हणजे व्हिसासाठी घेतलेली जबाबदारी, काढून घ्यावी लागते, असा हा नियम आहे. ही विद्यापीठासाठी शेवटची मर्यादा आहे. विद्यार्थ्याच्या खात्यात जमा असलेली ६० दिवसांची रजा नव्हे. विद्यापीठाचे स्वतःचे धोरण याच्या कितीतरी आधी जागे होते : आधी स्वयंचलित ई-मेल, मग ट्यूटरशी भेट, मग औपचारिक इशारा, आणि त्यानंतर स्पॉन्सरशिप काढण्याचा निर्णय. या पायऱ्यांपैकी पहिल्या दोन जवळपास नेहमीच मदतीच्या असतात. तेथे जाऊन खरे सांगितले तर प्रकरण तेथेच मिटण्याची शक्यता मोठी असते. माझ्या मते सर्वांत घातक गोष्ट गैरहजेरी ही नसून उत्तर न देणे ही आहे, कारण उत्तर न देणारा विद्यार्थी आणि देशात कोठेतरी निघून गेलेला विद्यार्थी हे नोंदीत अगदी एकसारखे दिसतात.

रजा कशी मागावी

नियम साधा आहे : जाण्यापूर्वी मागावी, लेखी मागावी, आणि परत येण्याची तारीख लिहावी. घरात मृत्यू झाला किंवा आई-वडील रुग्णालयात आहेत असा फोन आला, तर विमानाचे तिकीट काढण्याआधी अर्ज मंजूर व्हावा अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. पण विमानतळावर बसल्या बसल्या मोबाइलवरून 'वडील गंभीर आजारी असल्याने आज भारतात जात आहे, अंदाजे अमुक तारखेला परतेन, कागदपत्रे पाठवीन' इतके लिहिण्यास पाच मिनिटे पुरतात. त्या पाच मिनिटांनी अनधिकृत गैरहजेरी ही कळवलेली गैरहजेरी होते. मुक्काम लांबला तर तेही कळवावे.

दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये म्हणजे ऐन अध्यापनाच्या आठवड्यांत येते, आणि गणपती अनेकदा मास्टर्सचा प्रबंध सादर करण्याच्या सुमारास येतात. सणासाठी किंवा चुलतबहिणीच्या लग्नासाठी आठ-दहा दिवसांची रजा मिळेलच असे धरून तिकीट काढू नये. एखाद्या दिवसाची धार्मिक कारणासाठी सवलत अनेक ठिकाणी मिळते, पण मागितल्यावर.

आजारपणाबाबत आपल्या सवयी आणि तेथील पद्धत यांत मोठा फरक आहे. सात दिवसांपर्यंतच्या आजारासाठी तेथील जीपी, म्हणजे नेहमीचा स्थानिक डॉक्टर, सहसा दाखला देत नाही, आणि बहुतेक विद्यापीठे या काळासाठी विद्यार्थ्याने स्वतः भरलेला अर्ज स्वीकारतात. त्याहून लांबलेल्या आजारासाठी मात्र दाखला लागतो, आणि तो मिळण्यासाठी जीपीकडे नाव नोंदवलेले असावे लागते. व्हिसाबरोबर सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार भरलेला असूनही कित्येक जण ही नोंदणी आजारी पडेपर्यंत करत नाहीत. सांगली-सोलापूरच्या कुटुंब डॉक्टरांनी रुग्ण न पाहता व्हॉट्सॲपवर पाठवलेले प्रमाणपत्र जोडू नये. त्याने प्रश्न सुटत नाही, संशय वाढतो. मानसिक ताण, नैराश्य, एकटेपणा हीसुद्धा आजारपणाचीच कारणे आहेत आणि ती विद्यापीठाच्या वेल्फेअर विभागाला सांगता येतात. ती लपवून 'पोट बिघडले होते' असे लिहिणारे विद्यार्थी मिळू शकणारी मदत स्वतःच नाकारतात.

येथे आणखी एक घोळ नेहमी होतो. असाइनमेंटची मुदत वाढवून मिळण्यासाठी किंवा परीक्षेत सवलत मिळण्यासाठी जो 'मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस'चा (अडचणीच्या परिस्थितीचा) अर्ज असतो, तो गुणांशी संबंधित आहे. तो मंजूर झाला म्हणजे गैरहजेरी मंजूर झाली असे नाही. या दोन वेगळ्या फायली आहेत, बहुधा दोन वेगळ्या कार्यालयांत आहेत, आणि दोन्हींकडे स्वतंत्रपणे कळवावे लागते.

प्रबंधाचा उन्हाळा

एक वर्षाच्या मास्टर्समध्ये मे महिन्यात वर्ग संपतात आणि विद्यार्थ्यांना वाटते की सुट्टी लागली. पदवीच्या विद्यार्थ्यांना लागते. मास्टर्सच्या विद्यार्थ्यांसाठी तो प्रबंधाचा, म्हणजे पूर्णवेळ अभ्यासाचा काळ असतो. याचे दोन परिणाम आहेत. पहिला असा की सहभागाची नोंद थांबत नाही. ती मार्गदर्शकाच्या भेटींवर येऊन ठेपते. वर्गच नसल्यामुळे दोन भेटी चुकल्या तरी मोठा रिकामा काळ दिसतो, म्हणून प्रत्येक भेटीनंतर 'आज अमुक प्रकरणावर चर्चा झाली' असा छोटा ई-मेल मार्गदर्शकाला पाठवावा आणि जपून ठेवावा. दुसरा परिणाम कामाच्या तासांचा. पदवी व त्यावरील स्तरावर सत्रकाळात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात, आणि एका आठवड्यात १२ व पुढच्या आठवड्यात २८ अशी सरासरी चालत नाही. हीच मर्यादा प्रबंधाच्या उन्हाळ्यातही लागू राहते, हे न कळल्यामुळे चांगले विद्यार्थी अडचणीत येतात. स्वतंत्र व्यवसाय म्हणून काम करण्यास स्टुडंट व्हिसावर मनाई आहे, त्यामुळे ॲपवरून स्वयंरोजगारी पद्धतीने खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे काम तासांच्या आत बसत असले तरी नियमात बसत नाही.

अभ्यासक्रम काही काळ थांबवावा लागला तर तो निर्णय घेण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सल्लागाराशी बोलावे. ६० दिवसांपेक्षा मोठ्या खंडात सामान्यतः स्पॉन्सरशिप काढली जाते, विद्यार्थ्याला मायदेशी परतावे लागते आणि पुन्हा येताना नवा कॅस व नवा व्हिसा लागतो.

पत्र आलेच तर

स्पॉन्सरशिप काढण्याचा इशारा देणारे पत्र आले, तर त्यातील उत्तराची तारीख आधी पाहावी. उत्तर मुद्देसूद असावे : कोणत्या तारखांना गैरहजर होतो, का होतो, पुरावा काय, आणि आता काय करत आहे. विद्यार्थी संघाचे सल्ला केंद्र विद्यापीठापासून स्वतंत्रपणे मदत करते आणि त्यासाठी पैसे घेत नाही. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देण्यासाठी अधिकृत परवानगी लागते, त्यामुळे 'माझ्या ओळखीचा एक जण आहे' या वाटेने जाऊ नये. विद्यापीठाने स्पॉन्सरशिप काढलीच, तर गृह खाते व्हिसाची मुदत कमी करते, आणि बहुधा ६० दिवसांचा अवधी देते. त्या अवधीत देश सोडणे किंवा नव्या संस्थेच्या कॅसवर नवा अर्ज करणे, हे दोनच मुख्य मार्ग उरतात.

पालकांसाठी एक सूचना. मुलाचा फोन लागत नाही म्हणून साताऱ्याहून विद्यापीठाला फोन केला, तर हजेरीची माहिती मिळणार नाही. सज्ञान विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय ती देण्यास माहिती संरक्षणाचा कायदा आडवा येतो, मग शुल्क कोणीही भरलेले असो. संमती देण्याची सोय बहुतेक विद्यापीठांत असते, ती जाण्यापूर्वी घरात बोलून ठरवावी.

शेवटचा टप्पा निकालानंतरचा आहे. ग्रॅज्युएट रूटचा, म्हणजे शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये काही काळ राहून काम करता येणाऱ्या व्हिसाचा, अर्ज करण्यासाठी विद्यापीठाने तुमचा अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झाल्याचे गृह खात्याला कळवलेले असावे लागते, आणि अर्ज ब्रिटनमध्ये असताना, स्टुडंट व्हिसाची मुदत संपण्यापूर्वीच करावा लागतो. विद्यापीठाने कळवल्याची खात्री ई-मेलवर मिळाल्याशिवाय अर्जाचे शुल्क भरू नये, आणि मुदत जवळ आली असूनही तो ई-मेल आला नसेल तर वाट पाहत न बसता त्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे.