रिलोकेशनच्या आधी मॅलॉक वापरताना

उद्यमबागेत कंट्रोलरचे बोर्ड घडवणाऱ्या आपल्या बेळगावच्या पोरांसाठी हे लिहितोय, कारण यू-बूटमधल्या (बोर्ड चालू होताच ऑपरेटिंग सिस्टिम आणणारा प्रोग्राम) एका चुकीत माझे तीन दिवस गेले. रिलोकेशन म्हणजे यू-बूट स्वतःला डीरॅममध्ये (मुख्य मेमरीत) कायमच्या जागी हलवतो तो टप्पा.

यू-बूट सुरू होतो तेव्हा डीरॅम अनेकदा चालू झालेली नसते; हाताशी चिपमधली थोडी एसरॅम (लगेच वापरता येणारी छोटी मेमरी) असते. तेव्हाही मॅलॉक (मेमरीत जागा मागायचं फंक्शन) चालतो, पण तो फक्त पॉइंटर पुढे सरकवतो. फ्री केलं तरी जागा परत मिळत नाही. त्यामुळे लूपमध्ये मॅलॉक नको, आणि नल (जागा न मिळाल्याची खूण) आला का हे दरवेळी बघा. ड्रायव्हर मॉडेलही (यू-बूटची ड्रायव्हर सांभाळणारी व्यवस्था) याच तुटपुंज्या जागेतून घेतं, तेही हिशेबात धरा.

माझा घोळ वेगळाच होता. रिलोकेशनच्या आधी चालणाऱ्या फंक्शनमध्ये मी शून्यापासूनचा एक स्टॅटिक काउंटर ठेवला. असा काउंटर बीएसएसमध्ये (शून्यापासून सुरू होणाऱ्या व्हेरिएबलच्या भागात) जातो, आणि ३२ बिट आर्मवर यू-बूटचा बीएसएस रिलोकेशनच्या नोंदींवरच (हलवताना कुठले पत्ते बदलायचे त्या यादीवरच) बसवलेला असतो. काउंटर वाढला, नोंद बिघडली. सिरीयलवर डीरॅमचा आकार छापून झाला की बोर्ड गप्प! एसपीएलने (यू-बूटच्या आधी चालणाऱ्या छोट्या लोडरने) डीरॅम आधीच चालू केली असली तरी हाच धोका राहतो.

या टप्प्यात टिकवायची माहिती ग्लोबल डेटात, म्हणजे जीडीत ठेवा. रिलोकेशननंतर पूर्ण मॅलॉक सुरू होतो. तेव्हा आधीच्या जागेचे पॉइंटर जपून ठेवू नका, हवा तो मजकूर नव्या जागेत कॉपी करा.