गच्चीवरून ड्रोन उडवण्याआधी

इमारतीच्या पाहणीसाठी ड्रोन उडवायचा तर सगळ्यात आधी नकाशा. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलवर इमारतीचं ठिकाण हिरव्या (परवानगी लागत नाही), पिवळ्या (परवानगी लागते) की लाल (केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय बंदी) क्षेत्रात येतं ते आदल्या दिवशी बघा आणि कामाच्या सकाळी पुन्हा बघा. नवी मुंबईत हे आता टाळून चालणारच नाही. डिसेंबर २०२५ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला, त्यामुळे उलवे, खारघर, सीवूड्स, बेलापूर इथे पूर्वी काम केलंय म्हणून आताही चालेल असं धरू नका. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवं क्षेत्र जमिनीपासून २०० फुटांपर्यंतच असतं. त्याहून जवळ असाल तर परवानगी हातात आल्याशिवाय ड्रोन पेटीतून काढू नका. ठाण्याकडे कोलशेतला हवाई दलाचा तळ आहे, येऊरला राष्ट्रीय उद्यान; तिथेही नकाशा बघितल्याशिवाय उडवू नका. शिवाय पोलीस आयुक्तालय अधूनमधून ड्रोनबंदीचे आदेश काढतं; ते नकाशावर दिसतीलच असं नाही, म्हणून स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

कागद एका फायलीत ठेवा: ड्रोनचा नोंदणी क्रमांक, रिमोट पायलट सर्टिफिकेट (ड्रोन चालवण्याचा परवाना), थर्ड पार्टी विमा आणि सोसायटीचं पत्र. पत्रात तारीख, वेळ आणि कोणत्या विंगचं काम ते लिहून घ्या. सेक्रेटरींनी आदल्या दिवशी नोटीस बोर्डावर सूचना लावली तर फार बरं. खिडकीसमोर अचानक कॅमेरा आला की घरातली माणसं घाबरतात, चिडतात, आणि त्यांचं काहीच चुकत नाही.

आता उंची. गच्चीवरच्या कामात खरा घोळ इथेच होतो. ड्रोन जिथून उडतो ती जागा त्याच्या लेखी शून्य, पण नियमातली ४०० फुटांची, म्हणजे साधारण १२० मीटरची, कमाल मर्यादा मोजायची जमिनीपासून. इमारत ७५ मीटर उंच असेल तर १२० मीटरमधले गच्चीच्या वर उरले जेमतेम ४५. स्क्रीनवर ४५ दिसतंय म्हणजे अजून खूप वाव आहे असं वाटतं, आणि तिथेच मर्यादा संपलेली असते. ॲपमधली कमाल उंची हा हिशेब करूनच भरा. रिटर्न टू होमचंही, म्हणजे ड्रोनने आपोआप उडाल्या जागी परतण्याच्या सेटिंगचंही, तेच. भिंतीची पाहणी करताना ड्रोन गच्चीच्या खाली असतो. सिग्नल तुटला की तो आधी सरळ वर चढतो, आणि वर छज्जा किंवा बाहेर आलेली बाल्कनी असेल तर थेट तिच्यावर आदळतो. भिंतीलगतच्या कामात सिग्नल गेल्यास जागेवरच थांबण्याचं सेटिंग मला जास्त सुरक्षित वाटतं. मग पायलटने जागा बदलून सिग्नल परत मिळवायचा. मात्र कठड्यावरून वाकून ड्रोन शोधायचा नाही. खाली एक साथीदार उभा करा, वॉकीटॉकी द्या, आणि ड्रोन सतत डोळ्यांसमोर राहील अशी जागा धरा.

उडवण्याची जागा गच्चीच्या मध्याकडे, कठड्यापासून लांब हवी. वारा भिंतीवर आपटून कठड्यावरून उसळतो, तिथे छोटा ड्रोन क्षणात हेलकावतो. हवामानाच्या ॲपमधला वारा सहसा जमिनीलगतचा असतो, म्हणून वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र घेऊन वर जा. दुपारनंतर खाडीवरून वारा वाढतो, म्हणून सकाळची वेळ मागून घ्या. स्लॅबमधलं लोखंड, मोबाइल टॉवर आणि लिफ्टच्या मशीनरूममुळे होकायंत्र बिघडतं. इशारा आला तर तिथेच कॅलिब्रेशन करत (होकायंत्र पुन्हा जुळवत) बसू नका, जागा बदला. कठडा ओलांडताच ड्रोनच्या खालच्या बाजूला असलेल्या सेन्सरच्या नजरेतून गच्ची निसटते आणि एकदम खोल दरी येते, म्हणून ती रेषा सावकाश पार करा. सोलर पॅनलच्या चकाकत्या काचेवरही हे सेन्सर गोंधळतात.

खालचा भाग मोकळा करणं हे यादीतलं सर्वांत मोठं काम. दोन किलोच्या आतला ड्रोनही विसाव्या मजल्यावरून पडला तर जीव घेऊ शकतो. ज्या भिंतीलगत उडवणार तिच्या खालची पार्किंगची ओळ रिकामी करा, दोरी बांधा, वॉचमनला उभं करा. मुलांची खेळायची जागा तिथेच असेल तर शाळेच्या वेळेत काम करा. हा बंदोबस्त झाला नसेल तर उड्डाण नाही, क्लायंट कितीही घाई करो.

घारींवर लक्ष ठेवा. घरट्याजवळ ड्रोन गेला की त्या झडप घालतात. अशी घार दिसली की उतरवा. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ भागात हिवाळ्यापासून मेपर्यंत फ्लेमिंगो असतात, त्यांच्या थव्याच्या दिशेला ड्रोन नेऊच नका. संक्रांतीच्या आसपास पतंगांचा मांजा पंख्यात अडकतो, ते दिवस सोडून द्या.

बॅटऱ्या उन्हात तापलेल्या गच्चीवर ठेवायच्या नाहीत, सावलीत आणि अग्निरोधक पिशवीत ठेवा. ३० टक्क्यांवर परत फिरा, कारण खालून गच्चीपर्यंत चढायला बरीच बॅटरी लागते आणि कठड्याजवळच्या वाऱ्यात पहिल्या प्रयत्नात उतरता येईलच असं नाही.