डंजनचा नकाशा ग्राफ पेपरवर कसा काढावा

जुने रोलप्लेइंग गेम अर्ध्यावर सोडणारे राक्षसांना कंटाळून सोडत नाहीत. आपण नेमके कुठे उभे आहोत हेच कळेनासं झालं की सोडतात. 1981 च्या ‘विझर्ड्री’त अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी डंजनचे, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या भुयाराचे, दहा मजले बांधले, प्रत्येक मजला 20 बाय 20 घरांचा, आणि खेळणाऱ्याच्या हातात साधं होकायंत्रही दिलं नाही. नकाशा काढणं हे खेळणाऱ्याचंच काम, असं तेव्हा गृहीत होतं. 1985 ची ‘बार्ड्स टेल’ आणि 1986 ची ‘माइट अँड मॅजिक’ त्याच वाटेने गेल्या.

माझा भाचा म्हणतो, “मामा, नेटवर तयार नकाशा शे ना, काबरं कागद काया करी राहिना तू?” तयार नकाशा आहे, बरोबर. पण या खेळांत गोष्ट पानभराची आणि चित्रं चार रेघांची. बाकी सगळा खेळ त्या नकाशातच आहे. तो दुसऱ्याचा घेतलात तर उरतं ते फक्त एंटर दाबणं. 1992 च्या ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’मध्ये किंवा 1998 च्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये नकाशा आपोआप निघतो, ते खेळ खुशाल कागदाशिवाय खेळा. हा लेख बाकीच्यांसाठी आहे.

गेम कायदेशीर विकत घ्या. असे बरेच जुने गेम गॉग या वेबसाइटवर मिळतात आणि ते नव्या मशीनवर चालवणाऱ्या डॉसबॉक्स सॉफ्टवेअरसकट येतात, त्यामुळे वेगळी खटपट लागत नाही. ‘विझर्ड्री’ची नवी आवृत्ती डिजिटल एक्लिप्सने 2024 साली पूर्ण केली. मशीन कुठलंही चालतं. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घेतलेला जुना लॅपटॉपसुद्धा पुरून उरतो.

कागद

शाळेची मिलिमीटरची ग्राफ बुक घ्या, पण एक सेंटिमीटरला एक घर धरू नका. वीस घरं पानाच्या आडव्या बाजूत मावत नाहीत आणि मग लोक उरलेला मजला मागच्या पानावर काढतात. अर्धा सेंटिमीटर म्हणजे एक घर. 20 घरांचा मजला 10 सेंटिमीटरमध्ये बसतो, चारी बाजूंना टिपा लिहायला जागा राहते, आणि घरात एक अक्षर मावतं. ‘माइट अँड मॅजिक’चे नकाशे 16 बाय 16 चे, ते तर आरामात बसतात. लहान मुलांची गणिताची चौकटीची वही मात्र कामाची नाही, तिची घरं फार मोठी असतात.

एचबी पेन्सिल आणि खोडरबर. बॉलपेन मजला पूर्ण होईपर्यंत ड्रॉवरमध्ये.

आणि परीक्षेचं पॅड. आपल्याकडे हे खेळ खेळायचा हंगाम म्हणजे मे महिना. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, बाहेर पडायची सोय नसते, आणि दुपार कुलरसमोर काढावी लागते. कुलरची ओली हवा तासाभरात कागद मऊ करते. मऊ कागदावर पेन्सिल उमटत नाही आणि खोडायला गेलं की पान सोलतं. पॅडला क्लिप लावा आणि कुलरच्या झोतापासून हातभर बाजूला बसा. इन्व्हर्टर नसेल तर खेळ जिथे सेव्ह करू देईल तिथे लगेच करा, हे सांगायला नको.

सुरुवात कुठून

“कागदाच्या मध्यापासून सुरू करा” हा सल्ला सगळीकडे सापडतो. ज्या खेळाची काहीच माहिती नाही तिथे ठीक आहे. ‘विझर्ड्री’त तो चुकीचा आहे. किल्ल्यातून खाली येणारा जिना पहिल्या मजल्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे, म्हणजे कागदावर खाली डावीकडे. त्या घराला पूर्व 0, उत्तर 0 म्हणा. खालच्या आणि डाव्या कडेला 0 ते 19 आकडे लिहून टाका. 1 पासून मोजू नका. खेळ स्वतः शून्यापासून मोजतो, आणि पुढे आकडे सांगून थेट त्या घरात नेणारी सातव्या पातळीची मालोर जादू वापरताना एका घराची चूक झाली आणि दगडात उतरलात, तर अख्खी टोळी, म्हणजे तुमची सगळी पात्रं, कायमची गेली.

भिंत ही रेघ आहे की घर, हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवा. ‘विझर्ड्री’, ‘बार्ड्स टेल’, ‘माइट अँड मॅजिक’ यांत भिंत दोन घरांमधली नुसती रेघ असते. 1987 च्या ‘डंजन मास्टर’मध्ये भिंत स्वतःच एक घर अडवते, तिथे घरं गिरवून काळी करावी लागतात. एका पद्धतीचा खेळ दुसऱ्या पद्धतीने काढलात तर तिसऱ्या वळणावर बोळ एकमेकांवर चढतात.

खुणा स्वतःच्या ठेवा. माझ्या साध्या आहेत: आडवी फुली म्हणजे दार, ‘गु’ म्हणजे गुप्त दार, ‘ख’ खड्डा, ‘भ’ भोवरा (तोंड फिरवणारं घर), ‘ट’ टेलिपोर्टर (उचलून दुसरीकडे टाकणारं घर), तिरक्या रेघा म्हणजे अंधार. भिंतीच्या ज्या बाजूने ती पाहिली त्या बाजूला बारीक टिंब द्या. काही ठिकाणी एका बाजूने दार असतं आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं तर कोरी भिंत. टिंब नसेल तर तुम्ही स्वतःचाच नकाशा खोटा ठरवून खोडत बसाल. जिथे टोळी मेली तिथे तारीख घाला. ‘विझर्ड्री’त मेलेली टोळी तिथेच पडून राहते आणि दुसरी टोळी पाठवून प्रेतं आणावी लागतात. माझ्या कागदावर अशा घरापुढे “आठे जाऊ नको भो” लिहिलेलं असतं.

चालणं सोपं आहे. एक पाऊल, एक घर, एक रेघ. “पाच पावलं चालून मग काढा” म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. सुरुवातीची टोळी दुबळी असते, त्यामुळे एक-दोन लढाया झाल्या की जिन्याकडे परत फिरा.

उजवा हात भिंतीला लावून चालत राहा, सगळं डंजन पाहून होतं, असंही सांगतात. होत नाही. मधल्या खोल्या बाहेरच्या भिंतीला जोडलेल्या नसतील तर तुम्ही त्यांच्याभोवती गोल गोल फिरत राहता आणि आत कधीच जात नाही.

भोवरा

आता खरी अडचण. भोवरा म्हणजे असं घर की ज्यात पाय ठेवताच खेळ तुमचं तोंड भलत्या दिशेला फिरवतो आणि एक अक्षर बोलत नाही. चारी बाजूंना सारखी वाट असलेल्या चौकात हे घर असलं की समोरचं चित्र जसंच्या तसं दिसतं. तुम्ही उत्तर समजून पूर्वेला चालत राहता, दहा घरं काढता, आणि मग बोळ आधी काढलेल्या भिंतीतून आरपार जायला लागतो. तोवर कुठून चुकलं हे शोधायला उशीर झालेला असतो. मला या एकाच गोष्टीने फार छळलं आहे आणि कुठल्याही मार्गदर्शकाने यावर दोन ओळींपलीकडे लिहिलेलं मी वाचलं नाही. “दुमापिक टाका” म्हणतात आणि पुढे जातात.

दुमापिक ही ‘विझर्ड्री’तल्या जादूगाराची पहिल्या पातळीची जादू. जिन्यापासून किती पूर्वेला, किती उत्तरेला, किती खाली आणि तोंड कुठे, हे सगळं ती सांगते. पण नव्या जादूगाराला पहिल्या पातळीच्या जादू दोनदाच टाकता येतात आणि त्याच दोन्हींवर राक्षसांना झोपवणारी कतिनोही अवलंबून असते. दोन्ही दुमापिकवर घालवल्यात तर पुढच्या लढाईत मराल. दोन्ही कतिनोवर घालवल्यात तर हरवाल. म्हणून दुमापिक शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवा आणि दिशा डोळ्यांनी ओळखायला शिका.

पहिला नियम: कुठल्याही चौकात पाऊल टाकलं की पुढे जायच्या आधी मागे वळून बघा. जिथून आलात ते घर मागे दिसायला हवं. दिसलं, तर भोवरा नाही. निदान या खेपेला त्याने फिरवलेलं नाही. भोवरा कधीकधी फिरवून पुन्हा मूळ दिशेलाच आणून ठेवतो, त्यामुळे एकदा निर्धास्त गेलेल्या चौकात पुन्हा गेलात तरी मागे बघाच.

समजा, बोळातून उत्तरेकडे चालला आहात. शेवटच्या घराला पश्चिमेला दार होतं आणि ते कागदावर आहे. एक पाऊल टाकलं आणि चौकात आलात. मागे वळलात तर दार दिसत नाही. आता घर सोडू नका. जागच्या जागी वळल्याने भोवरा फिरत नाही, पण बाहेर जाऊन परत आलात की तो पुन्हा फिरवणार. म्हणून इथेच उभं राहून चारी दिशांना एकेकदा बघा. ज्या वाटेत पुढच्याच घराला उजव्या हाताला दार दिसतं ती दक्षिण, कारण दक्षिणेकडे तोंड केलं की पश्चिम उजवीकडे येते. दक्षिण सापडली की बाकीच्या तीन आपोआप मिळाल्या. दोन वाटांमध्ये तसंच दार दिसलं तर पुजाऱ्याची मिल्वा ही उजेडाची जादू लावा. उजेडात पुढची घरंही दिसतात आणि गुप्त दारंही, मग फरक कळतो.

हे जमायला आधीच्या घरात काहीतरी ओळखण्यासारखं असावं लागतं. म्हणून चौकाआधीची दोन घरं मी नेहमी जास्त काळजीने काढतो.

ओळखीच्या घरात परतताना दुसरी युक्ती. त्या घराच्या चार बाजू उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांसारख्या वाचा. उदाहरणार्थ कागदावर आहे: भिंत, वाट, वाट, दार. आता उभं राहून समोर, उजवीकडे, मागे, डावीकडे बघा. दिसलं: वाट, दार, भिंत, वाट. हीच माळ कागदावर दक्षिणेपासून सुरू केली की तंतोतंत जुळते, म्हणजे तुमचं तोंड दक्षिणेला आहे. दक्षिणेकडून आत आला असाल, तर समोर भिंत हवी होती. म्हणजे तोंड पूर्ण उलटं फिरवलं गेलं, कागदावर ‘भ’ लिहा. माळ दोन ठिकाणी जुळली तर मात्र अंदाज करू नका. अशा वेळी दुमापिक खर्च करा, त्यासाठीच ती राखली होती.

आणि चारी दिशांना बघूनही जिथून आलात ते घर कुठेच दिसलं नाही, तर तो भोवरा नव्हे. तुम्हाला उचलून दुसरीकडे टाकलंय.

टेलिपोर्टर

जुन्या नकाशावर अंदाजाने पुढे काढू नका, एवढं पाळलं तर टेलिपोर्टर भोवऱ्यापेक्षा सोपा आहे. कोरा कागद घ्या, वर ‘तुकडा क’ लिहा, जी दिशा समोर आहे तिला उत्तर म्हणा आणि काढत राहा. हा तुकडा ट्रेसिंग पेपरवर काढलात तर उत्तम. ओळखीचा आकार दिसला, की तुकडा मूळ नकाशावर ठेवून चारी बाजूंनी फिरवून पाहा आणि जिथे निदान आठ-दहा भिंती जुळतील तिथे चिकटवा. तीन-चार भिंती जुळल्या म्हणून चिकटवायची घाई करू नका, डंजनमध्ये सारख्या खोल्या मुद्दाम बांधलेल्या असतात.

‘विझर्ड्री’त कडेला गुंडाळी असते, तेही इथेच सांगतो. पूर्वेचं 19 नंबरचं घर ओलांडलं की तुम्ही पश्चिमेच्या 0 मध्ये येता. कागद संपला म्हणून पुढचं पान जोडू नका, पलीकडच्या कडेला जा. तुमचा बोळ वीसपेक्षा लांब होत असेल, तर तो बहुधा स्वतःवरच परत आलेला आहे.

अंधाराच्या पट्ट्यात भिंत दिसत नाही, आपटल्यावरच कळते. प्रत्येक घरातून चारी बाजूंना आपटून पाहा. कंटाळवाणं आहे, दुसरा मार्ग नाही.

मजला बंद करणं

सगळं फिरून झालं की कागदावरची कोरी जागा बघा. हे खेळ बनवताना डिस्कवर जागा तुटपुंजी असायची, त्यामुळे 400 घरांचा मजला बनवणारे बरीचशी घरं वापरून टाकत. मधेच तीन बाय तीनचा कोरा ठोकळा राहिला असेल तर त्याच्या चारी भिंतींपाशी मिल्वा लावून फिरा, गुप्त दार बहुतेक वेळा तिथेच निघतं. नाहीच निघालं तर खालच्या मजल्यावरून वर येणारा एखादा जिना तिथे उघडतो का, ते पाहायचं राहतं. तोवर तो ठोकळा पेन्सिलीने ‘?’ करून ठेवा. मोबाइलवर एक फोटो काढा. पुढच्या मजल्याचा कागद त्याच मापाने आखा आणि दोन्ही एकावर एक ठेवून जिन्याचं घर बरोबर खाली येतंय का ते उजेडाला धरून तपासा. येत असेल तर बाकीच्या रेघा बॉलपेनने गिरवा. येत नसेल तर चूक बहुधा वरच्या मजल्यावर, शेवटच्या भोवऱ्यानंतर आहे. तिथून पुढचं सगळं खोडा.