ऊसतोडीला जाणाऱ्या आणि गावी राहणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन : तुलना कशी करावी

बीड जिल्ह्यातील धारूर, केज, पाटोदा, आष्टी या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांतील मातांची बाळे गावी राहिलेल्या मातांच्या बाळांपेक्षा हलकी जन्मतात का, हे तपासायचे असेल, तर सरासरी काढण्याआधी नोंदींची छाननी करावी.

गरोदरपणाचे कोणते महिने फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, गेले, हे प्रत्येक मातेला विचारून लिहावे. जुलैत दिवस गेलेल्या बाईचे शेवटचे महिने, म्हणजे बाळाचे वजन सर्वाधिक वाढण्याचा काळ, कोयता चालवण्यात आणि मोळ्या वाहण्यात जातो. फेब्रुवारीत दिवस गेलेली बाई मात्र हंगाम संपत आल्याने लवकरच गावी परतते. या दोघींना एकाच रकान्यात घातले, तर खरा फरक झाकला जातो.

माता-बाल संरक्षण कार्डावरील वजन कोणत्या दिवशी घेतले, हेही पाहावे. नवजात बाळाचे वजन पहिल्या काही दिवसांत दहा टक्क्यांपर्यंत घटू शकते, त्यामुळे कोपीवर (तोडणी कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीत) जन्मलेले आणि चौथ्या दिवशी 2,400 ग्रॅम भरलेले बाळ जन्मतः 2,500 च्या वर असू शकते. नेमकी 2,500 ची नोंद फार वेळा दिसली, तर आकडा अंदाजाने लिहिल्याचा संशय घ्यावा, कारण 2,500 ग्रॅमच्या खालचे वजनच ‘कमी’ धरले जाते. वजनच न झालेली बाळे वगळू नयेत, वेगळी मोजावीत. फडावरची बाळे त्यांतच अधिक असण्याची शक्यता असते. 37 आठवड्यांपूर्वीची बाळंतपणेही वेगळी काढावीत.

मातेचे वय, उंची, हिमोग्लोबिन आणि कितवे बाळंतपण, हे जुळवूनच तुलना करावी. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या नोंदींवरील 1997 च्या अभ्यासात आफ्रिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांची बाळे अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांपेक्षा सरासरीने वजनदार आढळली. स्थलांतर करणाऱ्या बायका मुळातच धडधाकट असू शकतात, हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते. म्हणून दोन्ही गटांची सरासरी सारखी आली, तरी तोडीच्या कष्टांचा बाळावर परिणाम होत नाही, असे लिहिणे त्या मातांवर अन्याय ठरेल. एकाच मातेचे गावी राहून झालेले आणि फडावरच्या गरोदरपणातले मूल यांची तुलना मला अधिक भरवशाची वाटते. मात्र दुसरे मूल पहिल्यापेक्षा सहसा थोडे वजनदार असते, हे तेथे लक्षात घ्यावे.

नोंदी तपासताना हलके नवजात बाळ आढळले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवावे आणि तोवर बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून उबेत ठेवण्यास सांगावे.