एरर आला की भाषा बदलू नका: घरीच कोडिंग शिकणाऱ्यांनो, या चुका टाळा

नागपुरात घरीच कोडिंग शिकणाऱ्या पोट्ट्यांना "किती लँग्वेज येतात बे?" विचारा, पाच नावं तयारच राहतात, पायथन, सी, जावास्क्रिप्ट, आणि पुढच्या महिन्यात रस्ट. यातली अर्धी जमा कशी झाली तर पहिलीत एरर आला म्हणून दुसरी धरली, दुसरीत अडकले म्हणून तिसरी.

आता पाहा, पायथनमध्ये इनपुटने वय विचारलं, समोरच्याने ५ टाकलं, तुम्ही त्यात ३ मिळवायला गेले की टाइपएरर, म्हणजे दोघांचा प्रकार जुळत नाही. कारण इनपुट नेहमी स्ट्रिंगच, म्हणजे मजकूरच देते, त्याला आकडा बनवणाऱ्या इंटमध्ये गुंडाळा, झालं. पण पोट्टा वैतागून जावास्क्रिप्टकडे जाते, तिथे प्रॉम्प्टने तेच विचारते, एरर काही येत नाही, गडी खुश! उत्तर मात्र ५३, कारण मजकुरातल्या ५ ला ३ नुसता चिकटते. वर वजाबाकी केली तर बरोबर २ येते, मग चूक शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते. सी तर त्याहून बिनधास्त, पाच घरांच्या अ‍ॅरेत (ओळीने मांडलेल्या जागांत) सहाव्या घरात लिहा, कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) बहुतेक वेळा गप्पच, अन् प्रोग्राम कधी चालते, कधी सेगमेंटेशन फॉल्ट (भलत्याच मेमरीत हात घातल्याचा एरर) देऊन पडते. माझं ऐकाल तर तोंडावर ओरडणारी पायथनच सुरुवातीला बरी.

बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, जुनं पुस्तक आणलं असेल तर आधी प्रिंटची ओळ पाहा. कंस नसले तर ते पायथन २ चं, त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला, त्यातला कोड आजच्या पायथन ३ मध्ये सिंटॅक्स एररच (लिहिण्याचा नियम मोडल्याचा एरर) देईल. सीच्या पुस्तकात कोनियो डॉट एच दिसलं तर ते टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या जमान्यातलं, लिनक्सवरच्या जीसीसी कंपायलरसोबत ती फाइलच नसते.

आपल्या फाइलला रँडम डॉट पीवाय नाव देऊ नका. पायथनचं रँडम हे मॉड्यूल (तयार कोडची फाइल) इंपोर्ट केलं की पायथन तुमचीच फाइल उचलते आणि त्यात रँडिंट हे फंक्शन सापडत नाही म्हणून रडते. नाव बदला.

पिपने (पायथनची मॉड्यूल्स आणणारं टूल) इन्स्टॉल होऊनही मॉड्यूल सापडत नाही? मशीनवर दोन पायथन असतील, इन्स्टॉल करताना पायथन डॅश एम पिप असं चालवून पाहा.

आणि रस्ट शिका ना, पण सीमधला तो अ‍ॅरेचा घोळ एकदा आपल्या हाताने करून मग, म्हणजे असे मेमरीचे घोळ टाळायला रस्टचा कंपायलर काहून एवढी कटकट करून राहिला ते कळते. तोवर रेझ्युमेवर तीच भाषा लिहा जिच्यात गूगल न उघडता, फाइल वाचून त्यातले शब्द मोजणारा प्रोग्राम लिहिता येते.