फिरत्या सिस्टरांसाठी व्हर्च्युअल डेस्कटॉप: नोंदी सर्व्हरवर, टॅबवर फक्त पडदा

तालुक्याच्या गावी ट्रस्टचा दवाखाना, वाड्या-तांड्यांवर जाणाऱ्या आठ-दहा सिस्टर आणि प्रत्येकीकडे एक टॅब, अशी कामं मराठवाड्यात ठिकठिकाणी चालतात. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन, टीबीच्या पेशंटची औषधं, एचआयव्हीचे रिपोर्ट टॅबमध्येच साठत गेले आणि तो टॅब एसटीत राहिला, तर ती माहिती परत गोळा करता येत नाही. म्हणून नोंदी दवाखान्यातल्या सर्व्हरवरच ठेवायच्या आणि सिस्टरने टॅबवरून फक्त त्या सर्व्हरचा पडदा उघडायचा. लिनक्स आणि विंडोज सर्व्हर हाताळणारा एक माणूस असेल तर ही मांडणी स्वतः उभी करता येते.

खरेदीच्या आधी रेंज तपासा

इथे इंटरनेटच्या वेगापेक्षा विलंब, म्हणजे टॅबवरचा संदेश सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ, जास्त नडतो. हलक्या कामासाठी माणशी दीड एमबीपीएस वेग आणि जाऊन-येऊन १५० मिलिसेकंदांच्या आत विलंब, असं मायक्रोसॉफ्टचं मार्गदर्शन आहे. फॉर्म भरण्यापुरतं कमी वेगातही भागतं, पण विलंब वाढला की अक्षरं उशिरा उमटतात आणि सिस्टर टॅब बाजूला ठेवून वही काढतात. आष्टी-पाटोद्याकडचे बालाघाटाचे डोंगर असोत की किनवट-माहूरचं जंगल, एका गावात चालणारं सिम शेजारच्या गावात चालेलच असं नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम घ्या आणि प्रत्येक उपकेंद्रावर, ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर जाऊन पिंग (हा विलंब मोजणारी आज्ञा) चालवून बघा, सकाळी आणि संध्याकाळीही.

रेंजच नसलेल्या गावात व्हर्च्युअल डेस्कटॉप चालणार नाही, त्यावर कुठलंही सेटिंग उपयोगी नाही. अशा गावांच्या नोंदी कागदावर घेऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात बसून भरा.

सर्व्हर, वीज आणि लायसन्स

एका वेळी दहा जणी काम करणार असतील तर ८ कोअर, ३२ जीबी रॅम आणि एकमेकांची प्रत ठेवणाऱ्या दोन एसएसडी पुरतात. साध्या इन्व्हर्टरवर सर्व्हर ठेवू नका. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात तो रीस्टार्ट होऊ शकतो, आणि त्याच वेळी उघडी असलेली डेटाबेस फाइल बिघडू शकते. ऑनलाइन यूपीएस घ्या, आणि फायबरचा डबा व राउटरही त्याच यूपीएसवर जोडा. हे दोघे बहुतेक ठिकाणी विसरले जातात, मग सर्व्हर चालू असूनही बाहेरून कुणालाच तो सापडत नाही.

साध्या विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो. ही मर्यादा फोडणारे पॅच लायसन्सविरुद्ध आहेत, शिवाय पुढच्या अपडेटला बंद पडतात. विंडोज सर्व्हर आणि रिमोट डेस्कटॉपची (दुरून विंडोजचा पडदा उघडण्याची) लायसन्स घ्या. पहिले १२० दिवस लायसन्सशिवाय चालतात म्हणून खरेदी पुढे ढकलली जाते आणि १२१व्या दिवशी काम थांबतं. आणखी एक खाच आहे: माणशी लायसन्स घ्यायचं तर सर्व्हर डोमेनमध्ये, म्हणजे सगळी खाती एका जागी सांभाळणाऱ्या विंडोजच्या व्यवस्थेत, हवा. नुसत्या वर्कग्रुपवर, २०१९ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत, सेशन ६० मिनिटांनी तुटतं.

बाहेरून आत येण्याची वाट

राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट (आत येण्याचं दार) उघडून सरळ विंडोजला जोडणं कधीही करू नका. असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात, आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्राम, आत शिरण्याची ती नेहमीची वाट आहे. बाहेरच्या बाजूला फक्त वायरगार्ड या व्हीपीएनचा (किल्ली असलेल्यांनाच आत घेणाऱ्या खाजगी वाटेचा) यूडीपी पोर्ट ५१८२० उघडा. त्याच्या आत अपाचे ग्वाकामोले ठेवा. हे फुकट सॉफ्टवेअर विंडोजचा पडदा ब्राउझरमध्ये दाखवतं.

यासाठी ब्रॉडबँडवर स्थिर पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, लागतो. पुष्कळ कनेक्शन सामाईक आयपीवर असतात, तिथे बाहेरून पोर्ट उघडतच नाही. राउटरवर दिसणारा आयपी आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवरचा आयपी वेगळे आले तर कंपनीकडून स्थिर आयपी मागून घ्या.

वायरगार्डमध्ये प्रत्येक टॅबसाठी वेगळी किल्ली बनवा. एकच किल्ली सगळ्यांना दिली तर एक टॅब हरवल्यावर सगळे बंद करावे लागतील. टॅबच्या बाजूला अलाउड आयपीमध्ये (व्हीपीएनमधून कुठे जायचं त्या यादीत) फक्त ग्वाकामोलेच्या मशीनचा पत्ता /३२ लावून द्या आणि परसिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर मोबाइल कंपनी मधली वाट बंद करते. व्हीपीएन जोडलेलं दिसतं पण पान अर्धवट उघडतं किंवा पडदा काळाच राहतो, अशी तक्रार आली तर एमटीयू (एका पाकिटात जाणाऱ्या माहितीची कमाल मर्यादा) १४२० वरून १२८० करा.

ग्वाकामोले लावल्यावर पहिलं काम म्हणजे नवा अॅडमिन बनवून ‘ग्वाकअॅडमिन’ हे मूळ खातं काढून टाकणं. त्याचा पासवर्ड जगाला ठाऊक आहे. आतला ४८२२ पोर्ट त्या मशीनबाहेर दिसता कामा नये. समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवून ४४३ वर टीएलएस (ब्राउझरपर्यंतचं एन्क्रिप्शन) लावा. सर्व्हर बाहेरून दिसत नसल्यामुळे त्यासाठीचं लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र डीएनएसच्या (डोमेन नावाच्या नोंदीत खूण टाकण्याच्या) पद्धतीने घ्यावं लागेल. मग टीओटीपी एक्स्टेन्शन चालू करा, म्हणजे पासवर्डनंतर सतत बदलणारा कोडही मागितला जाईल. त्याला मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखा डेटाबेस लागतो. सहा आकडी कोड देणारं अॅप सिस्टरच्या स्वतःच्या फोनवर हवं. ते टॅबवरच ठेवलं तर दुसऱ्या कुलुपाचा उपयोग उरत नाही. कोड सतत चुकतोय म्हटलं की आधी फोनची आणि सर्व्हरची वेळ जुळते का ते बघा, कोड दर ३० सेकंदांनी बदलतो.

प्रत्येक कनेक्शनमध्ये कॉपी आणि पेस्ट बंद करा, ड्राइव्ह आणि प्रिंटर जोडणं बंदच ठेवा, रंग १६ बिटवर आणा. मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड लेआउट ‘फेलसेफ’ निवडा, त्याने युनिकोड अक्षरं जशीच्या तशी जातात. टॅबवर डाव्या कडेवरून बोट आत ओढलं की मेनू येतो, तिथे टेक्स्ट इनपुट निवडायला सिस्टरांना शिकवा. देवनागरी नीट उमटली नाही तर नावं इंग्रजी अक्षरांत भरली जातात, आणि एकाच बाईच्या तीन स्पेलिंगच्या तीन नोंदी तयार होतात.

विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत १५ मिनिटं हात न लागलेलं सेशन तुटेल आणि तुटलेलं सेशन २ तास जिवंत राहील असं ठेवा. घाटात रेंज गेली तरी अर्धा भरलेला फॉर्म तसाच सापडतो. सिस्टरांचा सगळ्यात मोठा त्रास याने कमी होतो, म्हणून यात काटकसर करू नका. लॉगिन मात्र प्रत्येकीचं वेगळंच हवं. ‘नर्स१’ सगळ्यांनी वापरलं तर कोणती नोंद कुणी बदलली हे कधीच कळणार नाही.

टॅब

सहा आकडी पिन, दोन मिनिटांत लॉक, व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये ‘नेहमी चालू’ आणि तारीख-वेळ आपोआप. ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवू देऊ नका. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर टॅब ठेवला तर तापून बंद पडतो.

टॅब हरवला तर

हा क्रम छापून भिंतीवर लावा. आधी वायरगार्डमधून त्या टॅबची किल्ली काढा, आत येण्याची वाट त्याच क्षणी बंद होते. मग ते सेशन लॉगऑफ करा आणि पासवर्ड बदला. त्यानंतर टॅब दुरून पुसण्याची आज्ञा द्या, पोलिसांत तक्रार करा आणि सीईआयआर या हरवलेली उपकरणं बंद करण्याच्या सरकारी पोर्टलवर आयएमईआय (उपकरणाचा ओळख क्रमांक) ब्लॉक करा. हा नंबर टॅब वाटतानाच लिहून ठेवा. हरवल्यानंतरचं लॉगिन लॉगमध्ये दिसलं तर २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सर्ट-इनला (सायबर सुरक्षेच्या केंद्र सरकारी संस्थेला) ६ तासांत कळवावं लागतं. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे. सिस्टर नोकरी सोडून गेली तरी किल्ली आणि खातं त्याच दिवशी काढा.

बॅकअप

सगळ्या नोंदी एकाच जागी आणल्या की त्या एकदम जाण्याचा धोकाही वाढतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये रॅन्समवेअरने दिल्लीच्या एम्सची यंत्रणा बंद पडली तेव्हा कितीतरी कामं कागदावर करावी लागली. रोज रात्री बॅकअप घ्या आणि त्याची एक प्रत सर्व्हरपासून तोडलेल्या डिस्कवर, दुसऱ्या इमारतीत ठेवा. ग्वाकामोलेचा डेटाबेसही त्यात घ्या, नाहीतर सगळ्यांचे टीओटीपी पुन्हा जोडत बसावं लागेल. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरून एखाद्या पेशंटची फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.